गणपतीतलं पुणं आणि मार्गशीर्षातलं पुणं

"साहेब, औंदा जमीन विकून पुण्याला पोराकडंच जावं म्हणतो. घरात मी एकटाच. संध्याकाळ खायला उठते."

बांधावर भेटलेले काका नुकतेच गणपती पाहून आले होते. लक्ष्मी रस्त्यावरची मिरवणूक, ढोल-ताशे, रात्रभर जागं शहर! मन भुललं यात नवल नाही.

मी विचारलं, "काका, अनंत चतुर्दशीनंतर किती दिवस राहिलात?"

"दुसऱ्याच दिवशी एसटी धरली की!"

शेतकरी बंधूंनो, गोम इथंच आहे. मांडव उतरले की शहरातही पोरगा-सून सकाळीच कामाला जातात. बंद खोलीत एकटेपणा तोच.

शिवाय गणपती उठले की पेरणीची घाई. कोरडवाहू रब्बी ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरदरम्यान पेरावी. हेक्टरी १० किलो बियाणं पुरतं. काणी टाळण्यासाठी किलोला ४ ग्रॅम गंधक चोळावं. ओल कुणासाठी थांबत नाही.

काकांना एवढंच सांगितलं : आधी पेरा, कोळपण्या उरका. मग मार्गशीर्षात महिनाभर पोराकडं राहा. करमलं तर खुशाल जा. पण तेव्हाही जमीन लेखी करार करून वाट्यानं द्या. विकलेलं रान परत मिळत नाही.

काका उठले. "बरं, तिफण तेवढी बघतो," म्हणाले.