पोटगीची तक्रार: आधी दार ओळखा

आपल्याकडे मुलांच्या पोटगीसाठी कोर्टात अर्ज करावा लागतो. ब्रिटनमध्ये हे काम बरेचदा एक सरकारी यंत्रणा करते. १९९३ मध्ये चाइल्ड सपोर्ट एजन्सी सुरू झाली. २०१२ पासून नव्या केसेस चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिसकडे जाऊ लागल्या. तिथे राहणाऱ्या मराठी आई-बाबांनाही हाच नियम लागू होतो. मग प्रश्न येतो, की या ऑफिसचंच काही चुकलं तर काय करायचं?

इथे दोन वेगळी दारं आहेत, आणि गफलत नेमकी तिथेच होते.

पहिलं दार: आकडा चुकलाय. साधारणपणे एका मुलासाठी आठवड्याच्या एकूण पगाराच्या १२ टक्के धरतात. म्हणजे ५०० पौंड पगाराला ६० पौंड. पगार ७०० झाला तर ८४. पण पगारातला फरक निदान २५ टक्के असेल, तरच आकडा वर्षाच्या मध्ये बदलतो. ५०० चे ५६० झाले, तर पुढच्या वार्षिक आढाव्यापर्यंत थांबावं लागतं. हिशेब पटला नाही तर निर्णयाच्या पत्रापासून ३० दिवसांत फेरविचार मागायचा. त्यानेही समाधान झालं नाही, तर ट्रायब्युनलकडे अपील.

दुसरं दार: वागणूक चुकलीय. पत्राला उत्तर नाही, फोनवर चुकीची माहिती दिली, वसूल केलेले पैसे वेळेवर पोचवले नाहीत. यासाठी आधी त्या ऑफिसकडेच तक्रार. त्यांचं अंतिम उत्तर आल्यावर सहा महिन्यांत इंडिपेंडंट केस एक्झामिनरकडे जाता येतं, आणि तेही फुकट. त्यापुढचा टप्पा म्हणजे ऑम्बड्समन. पण तिथे खासदारामार्फत जावं लागतं.

लक्षात ठेवायची गोष्ट ही, की एक्झामिनर पोटगीचा आकडा बदलू शकत नाही. ढिसाळ कामाबद्दल माफी किंवा थोडी भरपाई सुचवू शकतो, इतकंच. त्यामुळे कुणी आकड्याचं भांडण "तक्रार" म्हणून पाठवलं, तर उत्तराची वाट बघता बघता फेरविचाराचे ३० दिवस निघून जातात. नुकसान शेवटी पोराचं.

दोन्ही चुका झाल्या असतील तर दोन वेगळी पत्रं लिहा. प्रत्येकात तारखा, केस नंबर आणि नेमकं काय हवंय ते. फोन केलात तर कोण बोललं, कधी बोललं, ते लगेच टिपून ठेवा. प्रयोगशाळेतल्या वहीसारखंच आहे हे. नोंद नसेल तर पुरावाही नाही.