सापडलेल्या खुणांचा पुन्हा शोध

अमेरिकेत सुट्टीच्या दिवशी मोजपट्टी, होकायंत्र आणि छापील कागद घेऊन जुन्या रेल्वेपुलांखाली, सरकारी इमारतींच्या पायऱ्यांपाशी किंवा डोंगरमाथ्यावर वाकून काहीतरी शोधणारी माणसं भेटतात. त्यांना हवी असते साधारण नऊ सेंटिमीटर व्यासाची एक धातूची चकती. ती विकता येत नाही, घरी नेता येत नाही. छेडछाड केल्यास अडीचशे डॉलर दंड किंवा कैद, अशी तंबीच कित्येक चकत्यांवर कोरलेली असते. शिवाय यातल्या बऱ्याच चकत्या आधीच कुणीतरी शोधून नोंदवलेल्या असतात. तरीही ही मंडळी उन्हातान्हात त्यांच्या मागे फिरतात, आणि त्या फिरण्याचा विज्ञानाला खरोखर उपयोग होतो.

या चकत्या म्हणजे भूसर्वेक्षणाच्या खुणा. अध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या काळात, १८०७ साली, अमेरिकेने किनाऱ्याच्या मोजणीसाठी एक खातं स्थापन केलं. ‘नॅशनल जिओडेटिक सर्व्हे’ हा त्याचाच आजचा वारस. काटेकोर भाषेत बेंचमार्क म्हणजे उंचीची खूण, तर त्रिकोणीकरणाची ठाणी अक्षांश-रेखांश सांगतात. हौशी लोक मात्र दोन्हींच्या मागे असतात. प्रत्येक खुणेला सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो आणि तिची माहितीपत्रिका कुणालाही पाहता येते.

एवढं असताना मोबाइलवर स्थान टाकलं की खूण सापडायला हवी. पण अनेक बेंचमार्कची उंची मिलिमीटरच्या हिशेबात मोजलेली असली, तरी त्यांचं स्थान फक्त नकाशावरून वाचून लिहिलेलं आहे. त्यात अक्षांश-रेखांशाच्या सहा सेकंदांची, म्हणजे जमिनीवर सुमारे १८० मीटरपर्यंतची चूक गृहीत धरलेली असते. त्यामुळे भिस्त राहते ती जुन्या सर्वेक्षकाने लिहून ठेवलेल्या वर्णनावर. रस्त्याच्या मध्यापासून इतके फूट, रुळांपासून इतके, अमुक इमारतीच्या कोपऱ्यापासून तितके. दरम्यान रूळ उखडलेले असतात, रस्ता रुंद झालेला असतो, इमारत पाडलेली असते. त्रिकोणीकरणाच्या ठाण्यांची सोय जरा बरी. भोवती दोन-तीन साहाय्यक चकत्या असतात आणि त्यांवरचे बाण मुख्य खुणेकडे बोट दाखवतात. काही ठिकाणी तर वरची खूण फुटली तर हाताशी असावी म्हणून जमिनीखाली दुसरी पुरून ठेवलेली असते.

शोधणारा मग आपली नोंद पाठवतो. खूण बसवणाऱ्याची पहिली नोंद आणि तिच्याखाली पुढच्या प्रत्येकाची, असा इतिहास पत्रिकेत साचत जातो. त्यात सरकारी सर्वेक्षकांबरोबर ‘पॉवर स्क्वाड्रन्स’ या नौकाविहार करणाऱ्यांच्या संघटनेच्या नोंदी दिसतात, जीपीएसच्या साहाय्याने लपवलेल्या वस्तू शोधण्याचा खेळ खेळणाऱ्या जिओकॅशिंगवाल्यांच्याही. ‘सापडली नाही’ आणि ‘नष्ट झाली’ या दोन नोंदींत इथे कसोशीने फरक केला जातो, कारण नष्ट म्हणायला पुरावा लागतो. एकाला न सापडलेली खूण पुढच्याला झुडपाखाली शाबूत मिळू शकते.

या पुन्हा सापडण्याचं मोल १९०६ साली दिसलं. १८ एप्रिलला सॅन फ्रान्सिस्को भूकंपाने हादरलं. त्यानंतर सर्वेक्षकांनी १८५१ ते १८६५ आणि १८७४ ते १८९२ या काळात मोजलेली ठाणी शोधून पुन्हा मोजली. सॅन अँड्रियास प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजूंची ठाणी परस्परविरुद्ध दिशांना सरकली होती. भंगालगतची सर्वांत जास्त, दूरची कमी. भंगापासून दूरची जमीन तर भूकंपाआधीच्या दशकांतही हळूहळू सरकत असल्याचं आकडे सांगत होते. त्यावरून हॅरी फील्डिंग रीड यांनी १९१० मध्ये सिद्धांत मांडला: खडक वर्षानुवर्षं ताणाखाली वाकत जातो, भंगावरचं घर्षण तो ताण पेलेनासं झालं की घसरतो आणि झटक्याने पूर्वस्थितीत येतो. हा झटका म्हणजेच भूकंप. भूकंपशास्त्राचा हा पाया जुन्या ठाण्यांच्या फेरमोजणीवर उभा आहे.

कॅलिफोर्नियाच्याच सॅन वाकीन खोऱ्यात शेतीसाठी भूजलाचा बेसुमार उपसा झाला. मेंडोटा गावाजवळ १९२५ ते १९७७ या काळात जमीन सुमारे नऊ मीटर खचली. सगळा परिसर एकत्रच खाली जात असल्याने शेतात उभ्या माणसाला ते जाणवत नाही. स्थिर खडकावरच्या खुणेपासून खोऱ्यातल्या खुणांपर्यंत पुन्हा पुन्हा उंची मोजत नेली तेव्हाच ते कागदावर आलं.

उपग्रहांच्या काळातही या खुणा निवृत्त झालेल्या नाहीत. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत आकारापासून. पाणी मात्र गुरुत्वाकर्षणाच्या कलाने वाहतं, आणि पूररेषा, कालवे, गटारं यांना गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने ठरलेली उंची लागते. अमेरिकेच्या बऱ्याच भागात या दोन उंचींत वीस-तीस मीटरांचा फरक पडतो. १९८८ च्या नावाने ओळखली जाणारी उंचीची चौकट बदलून नवी आणताना जुन्या-नव्या उंचींची सांगड घालायची, म्हणून सर्वेक्षण खात्याने लोकांनाच साद घातली: खूण शोधा, ती शाबूत आहे का पाहा आणि तिच्यावर सर्वेक्षणाचा जीपीएस लावून किमान चार तास निरीक्षण घ्या.

असा ठेवा आपल्याकडेही आहे. नागपूरच्या झिरो माइलजवळ महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा १९०७ सालचा प्रमाण बेंचमार्क आहे. त्या सर्वेक्षणाचे जनक विल्यम लॅम्बटन यांचं १८२३ मध्ये निधन झालं ते वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याच सर्वेक्षणाची ‘जी.टी.एस.’ ही इंग्रजी आद्याक्षरं असलेला दगड कुठे दिसला, तर तो शेंदूर किंवा ऑइलपेंटपासून वाचवावा आणि रस्ता रुंद करताना उखडला जाऊ नये, हे पाहावं. जमीन किती हलली हे पूर्वी मोजलेल्या जागीच पुन्हा मोजून कळतं, आणि त्यासाठी ती जागा प्रत्येक पिढीला नव्याने सापडावी लागते.