इथेनॉल आपल्या उसाचं, पाइप चाळीस वर्षांपूर्वीचा: जुन्या गाड्यांच्या पेट्रोल लाइनचा धंदा

मागच्या व्हिडिओत ‘गावात गॅरेज आहेतच, मग मी वेगळं काय करू?’ या प्रश्नावर आपण बोललो. आज त्याच प्रश्नाचं एक पक्कं उदाहरण घेऊ. धंदा छोटा आहे आणि भांडवलही कमी लागतं, पण हात चुकला तर समोरच्याची गाडी पेटू शकते. म्हणून नीट वाचा, घाई करू नका.

जागा घेऊ कोल्हार. नगर-मनमाड महामार्गावर प्रवरेच्या काठी भगवतीमातेचं हे गाव. इथूनच लोणी-संगमनेर-अकोल्याकडे जाणारा कोल्हार-घोटी रस्ता फुटतो आणि बेलापूर-श्रीरामपूरचीही वाट आहे. शिर्डीहून शनिशिंगणापूरला जाणारी गाडी इथूनच पुढे राहुरीकडे जाते. म्हणजे गिऱ्हाईक शोधायला जायला नको, ते रोज तुमच्या दारावरून जातंय. फक्त त्याने थांबावं असं काहीतरी तुमच्याकडे पाहिजे.

आता गंमत बघा. शेजारी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० साली तिथे गाळप सुरू झालं. पुढे जिल्हाभर कारखाने झाले, मग डिस्टिलऱ्या आल्या, आणि आज त्याच उसापासून इथेनॉल निघतं. हे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणजे ई२०, फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालं आणि २०२५ पर्यंत देशभर ते नेहमीचं पेट्रोल होऊन बसलं. शेतकऱ्याच्या उसाला गिऱ्हाईक मिळालं, चांगलंच झालं. पण त्याच शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या जुन्या आरएक्स १००ला, बुलेटला, फियाटला हे पेट्रोल पचतंय का? गाडीचं इंजिन बरंच सोसतं. आधी हार मानतं ते रबर.

केंद्र सरकारच्या पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये हे मान्य केलं. काही जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटर चालल्यावर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, काम स्वस्तातलं आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होतं, असं त्यांचं म्हणणं. ‘स्वस्तातलं काम’ हे शब्द ऐकून बहुतेक मेकॅनिक तोंड फिरवतात. मी म्हणेन, तुम्ही तिथेच कान टवकारा. जे काम स्वस्त आहे, गरजेचं आहे आणि कुणी मन लावून करत नाही, तिथे छोट्या उद्योजकाला जागा असते.

आधी बिघाड कसा होतो ते समजून घ्या, कारण गिऱ्हाइकाला तुम्हालाच समजावून सांगायचंय. जुन्या गाड्यांचे पेट्रोल पाइप साध्या नायट्राइल रबराचे. ते त्या काळच्या पेट्रोलसाठी बनलेले होते. इथेनॉल या रबरात शिरतं, त्याला फुगवतं, मऊ करतं. गाडी उभी राहून पाइप कोरडा पडला की तेच रबर कडक होऊन चिरतं. आतला थर सुटून त्याचे काळे कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतात. गिऱ्हाईक म्हणतं, ‘कचरा आलाय, कार्ब्युरेटर साफ करा.’ तुम्ही साफ करता, पंधरा दिवसांनी तो परत येतो. कचरा टाकीतून येतोय असं सगळ्यांना वाटतं, आणि पाइपच विरघळतोय हे कुणी बघत नाही.

दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी चार-सहा महिने उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि लोखंडी लाइन आतून गंजते. म्हणून रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा दसऱ्याला आणि लग्नालाच बाहेर निघणाऱ्या गाडीची लाइन लवकर खराब होते. नगरचं रणगाडा संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल, १९९४ पासून आहे. तिथल्या गाड्या नुसत्या बघायच्या आहेत, त्यांच्या पाइपची काळजी कुणाला नाही. तुमच्या गिऱ्हाइकाला मात्र त्याची ‘म्युझियममधली’ गाडी चालू करायची असते, आणि बाजूच्या सीटवर नातवाला बसवायचं असतं.

आता गाडीतली लाइन डोळ्यासमोर आणा. प्रीमियर पद्मिनी घ्या, कुर्ल्याच्या कारखान्यातली, आपल्या सगळ्यांची फियाट. टाकी मागे. तिथून खालून लोखंडी लाइन पुढे इंजिनवरच्या पेट्रोल पंपापर्यंत, पंपातून कार्ब्युरेटरला. जिथे जिथे लोखंडाला हालचाल सोसायची तिथे रबराचा तुकडा. हौशी लोकांकडच्या स्पोर्ट्स कारमध्येही हेच. १९४५ ते १९५० दरम्यान बनलेली एमजी टीसी अजून आपल्याकडच्या व्हिंटेज रॅलीत दिसते. टाकी पाठीवर, पंप पार पुढे बॉनेटखाली, मध्ये लांबलचक लाइन.

इथे एक गोष्ट आहे जी नव्वद टक्के मुलं विसरतात. (नव्वद हा आकडा माझा, रागावू नका.) टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढणारी असते आणि पंपापासून पुढची ढकलणारी. ढकलणाऱ्या लाइनला चीर पडली तर पेट्रोल टपकतं, वास येतो, कळतं. ओढणाऱ्या लाइनला बारीक चीर पडली तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. थेंब दिसत नाही. गाडी चढाला दम तोडते, उन्हात बंद पडते, आणि सगळे पंपाला शिव्या घालतात. पंप बदलतात, पैसे जातात, दुखणं तसंच. ‘गळत नाही म्हणजे पाइप चांगला’ हे वाक्य तुमच्या गॅरेजमध्ये कुणाला बोलू देऊ नका.

म्हणून काम पूर्ण लाइनचं करायचं. रबराचा प्रत्येक तुकडा, लोखंडी लाइनची तपासणी, क्लिपा, फिल्टर, बॉडीतून पाइप जातो तिथले ग्रोमेट. लोखंडी लाइन जिथे पट्टीने चॅसीला धरलेली असते तिथे पट्टी काढून बघा, ओल तिथेच साठते आणि गंज तिथेच लपतो. लाइन बदलायची तर घरगुती तांब्याचा पाइप वळवून टाकू नका. हादऱ्याने तांबं कडक होतं आणि तडकतं. गाडीच्या लाइनसाठी मिळणारी स्टीलची किंवा तांबं-निकेलची लाइन वापरा.

रबरी पाइप घेताना दुकानदार ‘पेट्रोलचाच आहे’ म्हणेल. ते पुरेसं नाही. पाइपवर छापलेलं वाचायचं. एसएई जे३० आर६ किंवा आर७ लिहिलेला पाइप कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठी असतो. आर९ हा इंजेक्शन गाड्यांच्या जास्त दाबासाठी, आणि त्याच्या आतला थर फ्लुरो-रबराचा असतो. इथेनॉलला तो कितीतरी चांगला टिकतो. कार्ब्युरेटरच्या गाडीला दाबाची गरज नसली तरी मी आर९च टाका म्हणेन. महाग आहे, पण लागतो किती? थोडासाच. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहणारा पाइप असेल तर त्याला आर१० लागतो, कारण साधा पाइप बाहेरून पेट्रोल सोसायला बनलेला नसतो. आणि फवारणी पंपाची पारदर्शक नळी बाइकला लावणं बंद करा. मला माहीत आहे ती सगळीकडे लावलेली दिसते. पिवळी पडते, काचेसारखी होते आणि नेमकी गरम इंजिनजवळ तुटते.

जुबली क्लिपचंही तसंच. भोकं पाडलेली पट्टी घट्ट केली की रबराला कापते. अखंड पट्टीची, गोल कडांची क्लिप मिळते, ती घ्या. काचेचा फिल्टर दिसायला छान, पण सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळ तो लावणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळ.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पेट्रोल उणे ४० अंशाच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली बसते. म्हणजे तुमचा गाडीखालचा खड्डा हा वाफेचा हौद आहे. हे काम खड्ड्यात करायचं नाही. उघड्यावर, सावलीत, गाडी मजबूत घोडीवर उचलून करायचं. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, टाकीचं झाकण उघडून दाब सोडायचा, पेट्रोल धातूच्या झाकणबंद डब्यात काढायचं. वायरला लटकणारा पिवळा बल्ब नको, बंदिस्त एलईडी घ्या. शेजारी वेल्डिंग चालू असेल तर तुमचं काम थांबवा, किंवा त्याचं. सहा किलोचं पावडरचं अग्निशामक हाताच्या अंतरावर पाहिजे, ऑफिसातल्या भिंतीवर नको. आणि काढलेलं पेट्रोल साठवत बसू नका. कायद्याने विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं, पण तुम्ही तेवढंही ठेवू नका. ज्याचं आहे त्याच्या गाडीत परत गाळून भरा.

काम झालं की इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवून प्रत्येक जोडावर कोरडा पांढरा कागद फिरवा. एक चक्कर मारून आल्यावर गरम असताना परत फिरवा. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला बोलवून तिसऱ्यांदा बघा, क्लिपा बसलेल्या असतात, थोड्या आवळाव्या लागतात. ही तिसरी तपासणी फुकट, पण बिलात तिची रक्कम आधीच धरलेली असू द्या.

बिलाचा विषय निघालाच आहे. पुढचे आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या भागातले भाव तुम्ही विचारा. समजा फियाटला २ मीटर पाइप ६०० रुपये मीटरने, म्हणजे १२००. दहा क्लिपा ४०० रुपयांच्या. फिल्टर, ग्रोमेट, किरकोळ ४००. सामान झालं २०००. काम पाच तास, तासाला ३०० धरून १५००, दुसऱ्या दिवशीच्या तपासणीचे ३००. एकूण ३८००. आता बाइक बघा. सामान १५०, बिल ४००, वेळ अर्धा तास. मजुरी २५०, म्हणजे तासाला ५००!

बघितलंत? कारपेक्षा बाइक तासाला जास्त देते. मग कार करायचीच कशाला? कारण अर्ध्या तासाच्या कामासाठी नगरहून कुणी येत नाही. फियाट, जुनी जीप, एखादी एमजी तुमच्या दारात तीन दिवस उभी राहिली की रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जुना गाडीवाला मान वळवतो. रोजचं पोट बाइक भरेल, नाव कार करेल. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, ‘व्हीए’ अक्षरांची नंबर प्लेट मिळते. अशा गाडीचा मालक पैशापेक्षा कागद आणि फोटो मागतो. कामाआधीचा फोटो, जुना पाइप पिशवीत घालून परत, नव्या पाइपवरच्या छापील अक्षरांचा फोटो, तारीख. हे सगळं तुमच्या मोबाइलवर होतं. इंजेक्शनच्या गाड्या मात्र पहिल्या वर्षी नको. तिथे लाइनमध्ये तीन बारच्या आसपास दाब असतो, सैल जोडातून फवारा उडतो. आधी कार्ब्युरेटरवर हात बसू द्या.

नोंदणीचं थोडक्यात: उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. सेवा देणाऱ्याला जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाख उलाढालीची. तिथे पोचलात की मला फोन करा, पेढे खाऊ.

एक गिऱ्हाईक मात्र नक्की येणार, त्याची तयारी आत्ताच करा. तो म्हणेल, ‘दादा, पुढचा दिसतो तेवढाच तुकडा बदला, बाकी राहू द्या, पुढच्या महिन्यात बघू.’ गावातला असेल, ओळखीचा असेल, कदाचित तुमचा मामाच असेल. मागचा पाइप चिरलेला तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय. अशा वेळी काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे, अर्धं काम करायचं नाही. मामाला सांगा, ‘मामा, पैसे दोन हप्त्यांत द्या, पण लाइन पूर्ण बदलू. नाहीतर गाडीला हात लावत नाही.’ तरी नाही म्हणाला, तर चिरलेल्या पाइपचा फोटो त्याला पाठवा, कार्डावर ‘मागील पाइप खराब, मालकाने बदलण्यास नकार’ असं लिहून सही घ्या आणि गाडी जशी आली तशी परत द्या. चारशे रुपये जातील. मामी आठ दिवस बोलणार नाही. पण उद्या ती गाडी प्रवरेच्या पुलावर पेटली तर ‘याच्याकडूनच पाइप बदलला होता’ हे वाक्य कोल्हारपासून राहुरीपर्यंत तासाभरात पोचेल, आणि कुठला तुकडा बदलला होता हे कुणी विचारणार नाही.

या आठवड्याचं काम. बाजाराच्या दिवशी फाट्यावर एक तास उभे राहा. दहा वर्षांपेक्षा जुन्या वाटणाऱ्या किती बाइक जातात ते वहीत मोजा. त्यातल्या पाच मालकांना विनंती करून पेट्रोल कॉकखालचा पाइप बघा, बोटाने हलकेच वाकवा. चिरा किती दिसल्या, कडक किती होते, पारदर्शक नळी किती जणांनी लावलीय, ते लिहा. वाकवताना पाइप तुटलाच तर? खिशात एक फूट आर९ आणि दोन क्लिपा घेऊनच जा.