आग्वाद : गोड्या पाण्याच्या वर दोन रात्री

वडीगोद्रीच्या फाट्यावर चहा पीत उभं राहिलं की समोरून ट्रकांची रांग जाते. धुळे-सोलापूर रस्ता, एवढीच आम्हाला त्याची ओळख. त्याचा क्रमांक आता ५२ आहे. हा ५२ नंबर पंजाबातल्या संगरूरहून निघतो आणि सोलापूर, विजापूर, हुबळी करत कर्नाटकात अंकोल्याला समुद्रकाठी संपतो, हे मला साठी जवळ आल्यावर कळलं. दारावरून जाणारा रस्ता थेट समुद्राला भिडतो आणि आम्ही जन्मभर त्यावरून गेलो ते शहागडला नाहीतर गेवराईला. गाव अंबड तालुक्यातलं, मुलूख उसाचा आणि मोसंबीचा. गेल्या काही वर्षांत उपोषणाच्या मंडपांमुळे ते टीव्हीवर आलं, नाहीतर बाहेरच्या कुणी त्याचं नाव ऐकलेलं नसायचं.

लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून लेकीनं परस्पर गोव्याचं बुकिंग केलं. दोन रात्री, समुद्राकडेची खोली, सकाळचा नाश्ता धरून. फोनवर तिनं बजावलं, ‘‘बाबा, तिथं जाऊन काही करायचं नाही. नुसतं बसायचं.’’

‘‘नुसतं बसायला एवढे पैसे?’’ ही मागून म्हणाली. मग तिनं विचारायचा तो आकडा विचारलाच, आणि मी मनातल्या मनात त्याचे उसाचे टन केले. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्रानं ठरवलेला भाव क्विंटलला ३४० रुपये, म्हणजे टनाला ३,४००. उत्तर काय आलं ते हिला सांगितलं नाही.

आमच्या पिढीत नवरा-बायकोनं गावाबाहेर पडायचं ते देवाला नाहीतर दवाखान्याला. लग्न झालं तसं जेजुरी-तुळजापूर झालं, पुढं पंढरपूर, एकदा काशी. बरोबर दहा माणसं, पिशव्या, दशम्या आणि कुणाची तरी म्हातारी. दोघांनीच जायचं आणि दर्शनाची रांगही लावायची नाही, हे आम्हाला जमेल का याचीच शंका होती. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हिनं तरीही बांधून घेतलीच.

रस्ता मोठा आहे. हुबळीला मुक्काम केला. यल्लापूरच्या पुढं अरबैल घाट उतरायला लागलो तशी हवा जड झाली, अंगाला चिकटायला लागली आणि झाडं इतकी दाटली की ऊन रस्त्यावर पोचेना. अंकोल्याला ५२ संपला. तिथून उजवीकडे ६६ धरून कारवार ओलांडलं की गोव्याची हद्द. जुवारी आणि मांडवी या दोन नद्यांवरचे पूल पार केले की बारदेश तालुका, आणि त्याच्या दक्षिण टोकाला, मांडवी जिथं समुद्राला मिळते तिथं, सिंकेरी. कांदोळीचा किनारा दक्षिणेकडे येत येत इथं एका जांभ्याच्या टेकडीला टेकतो. त्या टेकडीवर आग्वादचा किल्ला. पर्यटक मंडळी इथं येऊन ‘दिल चाहता है’मधली जागा शोधत हिंडतात. तो किल्ला हा नव्हे, तो वर उत्तरेला शापोऱ्याचा.

पहिला दिवस अवघड गेला. रिसॉर्टमध्ये माडांखाली जाळीचे झोपाळे बांधलेले होते, पोहण्याचा तलाव असा की त्याचं पाणी पुढं समुद्रातच सांडतंय असं वाटावं, आणि दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी येऊन ‘काही हवंय का’ असं विचारायचं. मी झोपाळ्यात पडलो आणि दहा मिनिटांत उठलो. आडवं पडून आभाळ बघायची सवय आम्हाला फक्त जूनमध्ये, तेही ढग आलेत का हे पाहायला. ही तर खुर्चीच्या कडेवर बसली होती, कुणाच्या घरी लग्नाची बोलणी करायला गेल्यासारखी. समोर हिरवळीवर फवारे फिरत होते. बराच वेळ त्यांच्याकडे बघून ती म्हणाली, ‘‘अहो, एवढ्या पाण्यात आपली मोसंबी निघाली असती.’’

हे तिचं नुसतं बोलणं नव्हतं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. लोकांनी टँकरनं पाणी आणून झाडं जगवायचा प्रयत्न केला, काहींनी जगवली, पुष्कळांनी शेवटी कुऱ्हाड लावली. आमची दीड एकर त्यातच गेली. तेव्हापासून हिला कुठंही पाणी दिसलं की ती त्याची झाडं मोजते.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तिला किल्ल्यावर नेलं. किल्ला बांधून झाला तो १६१२ साली. डच आरमाराची भीती होती, आणि मांडवीचं तोंड सांभाळल्याशिवाय आतलं गोवा शहर सांभाळता येत नव्हतं. पण नाव मात्र ना राजाचं ना संताचं. पोर्तुगीज भाषेत ‘आग्वा’ म्हणजे पाणी, आणि ‘आग्वाद’ म्हणजे जहाजांनी पाणी भरून घ्यायची जागा. लिस्बनहून आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्महिने खाऱ्या पाण्यावर काढलेली गलबतं इथं येऊन गोडं पाणी भरायची. टेकडीत झरे आहेत. त्यांच्या भरवशावर पोर्तुगीजांनी इथं तटबंदी उभारली.

वरच्या किल्ल्यात गेलात की भोवती कोरडा खंदक, जाड जांभ्याचे तट आणि मधोमध एक मोकळं फरसबंद पटांगण दिसतं. लोक त्यावर उभे राहून दीपस्तंभाबरोबर फोटो काढतात. हा दीपस्तंभ १८६४ चा, पांढरा, बसका, गोल. १९७६ पर्यंत तो चालू होता, आता जवळच नवा आहे. फोटो काढणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या गावी नसतं की ते ज्यावर उभे आहेत ते पटांगण नसून टाकीचं छप्पर आहे. खाली दगडी खांबांवर पेललेली पाण्याची टाकी आहे, आणि तिची क्षमता सांगतात २३,७६,००० गॅलन.

गॅलन हिला कळेना, मलाही धड कळत नव्हता. मोबाइलवर हिशोब केला. एक कोटी लिटरच्या आसपास. आमच्याकडे उन्हाळ्यात गावात येतो तो टँकर दहा-बारा हजार लिटरचा, म्हणजे हजारभर खेपा. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं आणि सगळ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. तसल्या वीस गाड्या रिकाम्या केल्या तेव्हा कुठं ही एक टाकी भरेल. ती बांधली चारशे वर्षांपूर्वी, पंपाशिवाय, सिमेंटशिवाय.

ही काही बोलली नाही. चप्पल काढून बाजूला ठेवली आणि त्या फरशीवर अनवाणी चालत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली, पावलं मोजत, शेताचा बांध मोजावा तशी. आकडा काय आला ते तिनं मला सांगितलं नाही. माझा टनांचा हिशोब मी सांगितला नव्हता, त्याची ती फेड असावी.

१७३९ साली मराठी फौजांनी बारदेश जवळजवळ सगळा घेतला, पण आग्वाद आणि पलीकडचा रेईश मागूश हे दोन किल्ले पोर्तुगीजांकडेच राहिले. कारणं लढाईच्या पुस्तकांत बरीच असतील. माझं मत विचाराल तर पायाखाली एवढं पाणी असलेल्या किल्ल्याला वेढा घालून तहानेनं टेकीला आणता येत नाही, आणि समुद्राची बाजू उघडी असल्यावर उपाशीही मारता येत नाही.

या टेकडीच्या पायथ्याला, समुद्रात घुसलेल्या एका बुरुजालगत, ताज समूहानं १९७४ साली फोर्ट आग्वाद बीच रिसॉर्ट सुरू केलं. तोवर गोव्याचा किनारा म्हणजे कळंगुट-हणजुण्याला आलेले हिप्पी आणि कोळ्यांच्या होड्या. पैसे मोजून आरामात राहायला यायचं ठिकाण म्हणून गोवा ओळखला जाऊ लागला तो साधारण इथून. १९८३ च्या नोव्हेंबरात दिल्लीत राष्ट्रकुलातल्या देशांच्या प्रमुखांची परिषद झाली. तिच्या मध्ये शनिवार-रविवार विसाव्याला सगळ्यांना गोव्याला आणलं, सिंकेरीच्या याच परिसरात. यजमान इंदिरा गांधी, पाहुण्यांत मार्गारेट थॅचर. त्यांच्यासाठी टेकडीच्या उतारावर खास बंगले उभारले गेले. ‘नुसतं बसायला’ येणाऱ्यांची ही परंपरा तशी थोरामोठ्यांची आहे.

मात्र या आरामावर गोव्यातच हरकतही घेतली गेली. ‘जागृत गोंयकारांची फौज’ या संघटनेनं १९८० च्या दशकात पंचतारांकित पर्यटनाविरुद्ध आंदोलनं केली, परदेशी चार्टर विमानांतल्या पर्यटकांना काळे झेंडे दाखवले. जमीन कुणाची, किनारा कुणाचा, पाणी कुणाला आधी, हेच प्रश्न. आम्ही कालव्याच्या शेपटाकडची माणसं, आम्हाला ते समजून घ्यायला दुभाष्या लागत नाही.

किल्ल्याच्या खालच्या अंगाला, अगदी पाण्याच्या कडेला, तुरुंग आहे. तो पाहिल्याशिवाय परत फिरू नका. २०१५ पर्यंत तिथं खरोखरचे कैदी होते, मग कारागृह कोलवाळला हललं, आणि १९ डिसेंबर २०२१ ला, गोवामुक्तीला साठ वर्षं झाली त्या दिवशी, पंतप्रधानांच्या हस्ते इथं संग्रहालय सुरू झालं. राम मनोहर लोहिया १९४६ मध्ये इथं होते. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्यांना त्याच वर्षी इथं ठेवून पुढं पोर्तुगालला नेलं. १९५५ च्या सत्याग्रहात पुण्याहून गेलेले नानासाहेब गोरे इथं होते. आणि सांगलीचे मोहन रानडे, जे शाळामास्तर म्हणून गोव्यात गेले, आझाद गोमंतक दलात शिरले, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली. गोवा १९६१ मध्ये सुटला, पण रानडे लिस्बनच्या तुरुंगात होते, ते सुटले १९६९ मध्ये. त्यांच्या सुटकेसाठी धडपडणाऱ्यांत सुधीर फडके होते.

आमचा मराठवाडा स्वातंत्र्यानंतर तेरा महिने निजामाकडे राहिला आणि १७ सप्टेंबर १९४८ ला सुटला. तेवढ्यावर आम्ही दर वर्षी झेंडा लावतो आणि उशीर झाला म्हणून हळहळतो. गोव्याला चौदा वर्षं लागली. एका कोठडीच्या दारात उभं राहून हिनं आत डोकावलं, मग मागं वळून समुद्र पाहिला. ‘‘इथून लाटांचा आवाज दिवसरात्र येत असेल,’’ म्हणाली, ‘‘आणि आपण त्याच आवाजासाठी पैसे भरलेत.’’

दुपारी खाण्याचा प्रश्न आला. ही माळकरी, त्यामुळे बांगडा आणि आंबटतीख मी एकट्यानंच पाहिलं, तेही दुसऱ्याच्या ताटात. पण गोव्यात शाकाहारी माणूस उपाशी राहतो हा गैरसमज आहे. अळसांद्यांची उसळ, नारळ घालून केलेली पातळ भाजी, आणि कोंड्याची पोई, ही आपल्या ज्वारीच्या भाकरीची किनाऱ्यावरची मावसबहीण म्हणावी. सकाळी पाव विकणारा पोदेर सायकलवर भोंगा वाजवत येतो. हिनं त्याला रस्त्यात थांबवून चार पोया घेतल्या, रिसॉर्टच्या नाश्त्याला दांडी मारली आणि खोलीच्या सज्जात बसून त्यांच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

त्या संध्याकाळी गंमत झाली. तुरुंगाच्या पायऱ्या उतरून-चढून दोघांचेही गुडघे भरून आले होते. मी झोपाळ्यात पडलो, ही शेजारच्या आरामखुर्चीत, या वेळी पाठ टेकून. सूर्य समुद्रात बुडाला, पलीकडे काबोच्या टोकावर राजभवनाचे दिवे लागले, मांडवीच्या तोंडाशी होड्या परतत होत्या. तास गेला असेल, दोघांपैकी कुणीही एक शब्द बोललं नाही. फवारे चालूच होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

जाणार असाल तर दोन-तीन गोष्टी सांगतो. ऑक्टोबर ते मार्च हवा बरी आणि भाडं चढं, डिसेंबरच्या शेवटी तर विचारूच नका. पावसाळ्यात भाव उतरतात, पण समुद्रात उतरता येत नाही. पैसे कमी असतील तर कांदोळीच्या आतल्या गल्ल्यांत घरगुती खोल्या मिळतात, किनारा सगळ्यांना तोच असतो. किल्ला सकाळी पाहा, दुपारी जांभा तापतो आणि वर सावली नाही. आणि एका दिवसात पाच किनारे, तीन चर्चेस आणि दूधसागर करायला निघू नका. आमच्याकडे तीर्थयात्रा तशी करतात आणि घरी आल्यावर आठ दिवस झोपतात.

परतीला अंकोल्यापर्यंत ६६ आणि तिथून पुन्हा आमचा ५२. हुबळी, विजापूर, सोलापूर, बीड, गेवराई. शहागडचा गोदावरीचा पूल ओलांडला तेव्हा रात्र झाली होती. गावात शिरताना भाच्याचा फोन आला, जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाळी सुटली होती आणि वीज रात्रीची होती. बॅगा ओसरीत टाकल्या, बॅटरी घेतली आणि दोघंही दारं धरायला शेतावर गेलो.