प्लाझ्मा विरळच असतो का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये प्लाझ्मा (अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेला पदार्थ) असतो. तो हवेपेक्षा शेकडो पटींनी विरळ, म्हणून प्लाझ्मा विरळच असतो असे वाटणे स्वाभाविक आहे. पण व्याख्येत घनतेची अटच नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही फेम्टोसेकंदांचा (सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) लेसर-स्पंद घन पदार्थावर सोडतात. गणपतीच्या खच्चून भरलेल्या मिरवणुकीत मोठी माणसे जागीच अडकतात आणि पोरे हात सोडवून मधून पळतात. तसे जड आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) हलण्याआधीच इलेक्ट्रॉन मोकळे होतात. पदार्थ पसरायला वेळच मिळत नाही. म्हणून हा प्लाझ्मा क्षणभर धातूइतका घन राहतो, आणि मला यातली हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात १९२ लेसरझोतांच्या ऊर्जेने दाबलेले हायड्रोजनचे इंधन शिशापेक्षा कित्येक पट घन झाले; तोही प्लाझ्माच.