पारदर्शक पेनाची आतली भिंत

आंध्र प्रदेशातील राजमहेंद्री येथे 1932 पासून रत्नम या नावाने फाउंटन पेने हाताने घडवली जात आली असून, स्वदेशीच्या चळवळीतून जन्मलेल्या त्या उद्योगाची दखल खुद्द महात्मा गांधींनी 1935 मध्ये पत्राने घेतली होती, हा इतिहास सर्वपरिचित आहे. तिथल्या पेनांची ओळख ज्या एबोनाइटने घडवली, ते म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेले रबर होय. ते अपारदर्शक असल्याने पेनाच्या पोटात कारागिराने काय केले हे कोणाला दिसत नसे. भारतातील लहान कारखान्यांत आता एबोनाइटच्या जोडीने अ‍ॅक्रिलिक रेझिनच्या कांड्याही लेथवर चढू लागल्या आहेत, आणि या रंगीत, अर्धपारदर्शक कृत्रिम राळेने कारागिराची ती सोय काढून घेतली आहे.

कांडी लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, आवळून तिला आधी छिद्र पाडावे लागते, आणि ते एका दमात पाडता येत नाही. अ‍ॅक्रिलिक सुमारे 105 अंश सेल्सिअसला मऊ पडते, त्यामुळे ड्रिल तापले की कीस वितळून त्याच्याच पन्हळीत चिकटतो आणि भोकाची भिंत ओरबाडली जाते. म्हणून ड्रिल थोडे आत घालायचे, बाहेर काढून कीस झाडायचा, पाणी द्यायचे आणि पुन्हा घालायचे, असा क्रम चालतो. त्यानंतर आटे पाडले जातात. टोपण एका-दीड फेऱ्यात उघडावे यासाठी टोपणाचे आटे तिहेरी, म्हणजे एकमेकांशेजारून चालणाऱ्या तीन स्वतंत्र वळशांचे असतात. दोन शेजारच्या आट्यांत 0.8 मिलिमीटर अंतर असले तर टोपण एका फेऱ्यात 2.4 मिलिमीटर सरकते. असे आटे पाडणारे टॅप आणि डाय हार्डवेअरच्या साध्या दुकानात मिळत नाहीत. शिवाय टोपण तीन जागी बसू शकते आणि त्यांपैकी एकाच जागी रेझिनमधील रंगाची लाट नळीवरील लाटेशी जुळते, ही जुळणी साधणारा टर्नर कौतुकास पात्र आहे.

पॉलिशचे काम म्हणजे चकाकी लावणे असा समज असतो; प्रत्यक्षात ते मोठे ओरखडे काढून त्यांच्या जागी लहान ओरखडे पाडण्याचे काम आहे, आणि ओरखडे डोळ्यांना दिसेनासे होईपर्यंत ते करत राहावे लागते. पाण्याचा पॉलिश पेपर आधी, मग 1500 ते 12000 क्रमांकांच्या मऊ अपघर्षक कापडाच्या नऊ पायऱ्या, शेवटी बफ. लेथ फिरत असताना घासल्याने गोल चरे पडतात, म्हणून प्रत्येक पायरीनंतर यंत्र थांबवून लांबीच्या दिशेने हात फिरवावा लागतो. एखादी पायरी गाळली तर ती चूक लगेच कळत नाही. सगळे संपल्यावर, उजेडात धरल्यावर, पहिल्या पेपरचा एकच चरा वर येतो आणि कारागिराला थेट तिथपर्यंत मागे जावे लागते.

बाहेरचा पृष्ठभाग तरी हाताला लागतो. आतली भिंत लागत नाही, आणि पारदर्शक नळीत ड्रिलचे वळसे शाई भरण्याआधी पहिल्यांदा नजरेत भरतात. लाकडी काठीला कापड गुंडाळून, पॉलिशची पेस्ट लावून ती आत फिरवली जाते, पण नळीचे एक टोक बंद असल्याने तळाच्या शंकूपर्यंत ना पुरेसा दाब पोहोचतो ना नजर. पेनाची खरी परीक्षा या तळाशीच करावी. तिथे जो घाई करतो त्याचे आटेही सहसा निर्दोष नसतात.

याहून चिवट अडचण मात्र पॉलिशने सुटत नाही. कापताना आणि घासताना अ‍ॅक्रिलिकमध्ये ताण साठून राहतो, आणि अशा ताणलेल्या भागाला अल्कोहोल लागले तर केसासारख्या भेगांचे जाळे उमटते. टोपणाच्या आट्यांखाली भिंत जेमतेम 1 मिलिमीटर उरलेली असते, त्यामुळे तो भाग सर्वांत आधी दगा देतो. टोपणाची कडही तशीच नाजूक, म्हणूनच जुन्या पेनांच्या टोपणांवर धातूचे कडे बसवले जाई, ते मुळात शोभेसाठी नव्हते. उपाय माहीत आहे: भाग सुमारे 80 अंशांवर काही तास ठेवून अगदी सावकाश थंड करायचे, म्हणजे ताण निवळतो. परंतु त्यासाठी तापमान स्थिर ठेवणारी भट्टी लागते आणि तितका वेळ माल अडकून पडतो. ताण निवळलेले पेन आणि न निवळलेले पेन विक्रीच्या दिवशी सारखेच चमकते. फरक कळतो तो कित्येक महिन्यांनी, ग्राहकाने अल्कोहोलने पुसून स्वच्छ केल्यावर.