कर्षण नियंत्रण, मोटारगाडीतील

एंजिनाची शक्ती चाकांद्वारे रस्त्यावर उतरत असताना चाके जागच्या जागी घसरत फिरू नयेत, यासाठी मोटारगाडीत योजिलेल्या स्वयंचलित इलेक्ट्रॉनीय व्यवस्थेस कर्षण नियंत्रण म्हणतात. टायर व रस्ता यांच्या स्पर्शातून मिळणारी आणि गाडीला पुढे नेणारी प्रेरणा, असा कर्षणाचा येथे अर्थ आहे. ही व्यवस्था कर्षण निर्माण करीत नाही. जेवढे कर्षण उपलब्ध असेल त्यापेक्षा अधिक शक्ती चाकांकडे जाऊ न देणे, एवढेच तिचे कार्य होय. अधिक शक्तीच्या स्पोर्ट्स मोटारगाड्यांत तिचे महत्त्व विशेष आहे.

तत्त्व : गाडी वेग घेत असताना एंजिनाने फिरविलेल्या चाकाचा परिघीय वेग गाडीच्या प्रत्यक्ष वेगापेक्षा किंचित अधिक असतो. या फरकाचे चाकाच्या वेगाशी असलेले शेकडा प्रमाण म्हणजे घसर. कोरड्या डांबरी रस्त्यावर सु. १० ते २० टक्के घसरीच्या वेळी कर्षण कमाल असते. घसर याहून वाढल्यास कर्षण घटते आणि त्याबरोबरच चाकाची आडव्या दिशेची पकडही झपाट्याने कमी होते. मागील चाकांनी चालणाऱ्या शक्तिमान गाडीत वळणावर असे झाल्यास मागचा भाग बाहेर फेकला जाऊन गाडी स्वतःभोवती फिरते. टायर व रस्ता यांतील घर्षण गुणांक कोरड्या रस्त्यावर ०·८ ते १ च्या सुमारास, तर बर्फावर ०·१ च्या आसपास असतो. त्यामुळे प्रवेगक पायटा एका जागी जेवढा दाबणे निर्धोक असते, तेवढाच तो दुसऱ्या जागी दाबल्यास अपघात घडू शकतो.

इतिहास : जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९७१ मध्ये ब्युइक गाड्यांसाठी ‘मॅक्सट्रॅक’ ही व्यवस्था उपलब्ध केली. मागील चाके घसरताच ती एंजिनाची शक्ती कमी करीत असे. १९७८ मध्ये बॉश या जर्मन कंपनीची इलेक्ट्रॉनीय चाकबंदी-प्रतिबंधक ब्रेक व्यवस्था मर्सिडीझ-बेंझच्या एस-क्लास गाडीत आली. या व्यवस्थेमुळे प्रत्येक चाकाच्या गतीचे मापन करण्याची आणि चाकावरील ब्रेकचा दाब स्वतंत्रपणे बदलण्याची सोय झाली. तिच्याच आधारावर १९८०–९० या दशकाच्या उत्तरार्धात आधुनिक कर्षण नियंत्रण प्रचारात आले. गाडीची दिशाही सांभाळणारे स्थैर्य नियंत्रण १९९५ मध्ये आले. अमेरिकेत २०१२ च्या प्रतिमानांपासून, तर यूरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून नव्या मोटारगाड्यांना ते सक्तीचे झाले. फॉर्म्युला वन शर्यतींत मात्र चालकाचे कौशल्य निर्णायक राहावे म्हणून १९९४ पासून कर्षण नियंत्रणास बंदी होती. २००१ मध्ये ती उठविण्यात आली व २००८ पासून पुन्हा लागू झाली.

कार्य : प्रत्येक चाकाजवळील संवेदक त्या चाकाचे फेरे मोजतो. इतर चाकांच्या मानाने एखादे चाक अधिक वेगाने फिरू लागल्यास संगणक ती घसर मानतो. मग तो प्रज्वलनाची वेळ मागे नेतो, काही सिलिंडरांचे इंधन क्षणभर तोडतो किंवा थ्रॉटल झडप अंशतः मिटतो. यांपैकी पहिले दोन उपाय अत्यंत शीघ्र असतात. एकाच बाजूचे चाक घसरत असेल, तर त्या चाकास ब्रेक लावण्यात येतो. साध्या डिफरन्शियलमुळे दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क मिळतो व तो कमी पकडीच्या चाकाने मर्यादित होतो. घसरणाऱ्या चाकास ब्रेकचा विरोध मिळाल्याने दुसऱ्या चाकाकडे अधिक टॉर्क जाऊ शकतो.

चालकाची निवड : स्पोर्ट्स गाड्यांत किती घसर चालू द्यावी हे काही मर्यादेत चालकास ठरविता येते. शेव्हरोले कॉर्व्हेट गाडीच्या झेडआर१ या २०१० च्या प्रतिमानात यासाठी पाच पातळ्यांची व्यवस्था देण्यात आली. ओला रस्ता, कोरडा रस्ता, स्पोर्ट १, स्पोर्ट २ व रेस अशा या पातळ्या होत. पहिल्या तिन्हींत स्थैर्य नियंत्रण चालू राहते. शेवटच्या दोन पातळ्यांत ते बंद असते व केवळ कर्षण नियंत्रण उरते. या दोन पातळ्या बंदिस्त धावपट्टीवरील अनुभवी चालकासाठी असून सार्वजनिक रस्त्यासाठी नाहीत. खोल वाळूत किंवा सैल बर्फात गाडी रुतल्यास चाके थोडी घसरू देणे आवश्यक असते, म्हणून तेवढ्यापुरते नियंत्रण बंद करणे योग्य ठरते. उन्हाळी टायरांचे रबर सु. ७° से. पेक्षा कमी तापमानात कडक होऊन त्यांची पकड घटते. ही घट कोणत्याही पातळीने भरून निघत नाही.

फेरबदल व हमी : संवेदक चाकाचा वेग मोजत नाही, तर फेरे मोजतो. फेऱ्यांवरून वेग काढताना टायरचा मूळ व्यास गृहीत धरलेला असतो. उदा., मागील टायरचा ७०० मिमी. व्यास बदलून ६७९ मिमी. केल्यास मागील चाके सु. ३ टक्के अधिक फिरतात व संगणकास नसलेली घसर दिसू लागते. याउलट व्यास वाढविल्यास खरी घसर झाकली जाऊन नियंत्रण उशिरा कार्य करते. म्हणून उत्पादकाने मान्य केलेल्या मापाचे व प्रकारचे टायर, विहित प्रतीचे ब्रेक तेल, रंगरक्षक पापुद्रा, पायपुसणी यांसारखे, संगणकाच्या गृहीतांना धक्का न लावणारे बदल सर्वांत निर्धोक होत. शक्ती वाढविण्यासाठी एंजिन-संगणकाची आज्ञावली बदलणे मात्र जोखमीचे असते. आज्ञावलीवरून काढलेला पडताळा-क्रमांक कार्यशाळेत वाचता येतो आणि तो मूळ क्रमांकाशी न जुळल्यास एंजिन व गतिपेटी यांच्या दुरुस्तीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

अमेरिकेत मॅग्नसन–मॉस हमी अधिनियमानुसार (१९७५) केवळ अन्य उत्पादकाचा भाग बसविला एवढ्या कारणावरून हमी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळेच झाला हे उत्पादकास दाखवावे लागते. तथापि शर्यतीतील वापरामुळे झालेली हानी बहुतेक हमीपत्रांतून वगळलेली असते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मालकास मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात ती उचलून धरली. त्यामुळे येथे हमी शाबूत राखणारा बदलही या कलमाच्या कसोटीस उतरावा लागतो.